पट्ट्याच्या पेटीला घोंगड्याची खोळ

आमच्या गावात त्या गाडीला सगळे बेडूक म्हणतात. रंग हिरवा, चार फुगीर चाकं, वर आलेले दोन गोल दिवे, आणि बसणाऱ्यानं घोड्यावर बसावं तसे दोन्हीकडं पाय टाकून बसायचं. नावं ठेवण्यात आमचं गाव कुणाला हार जाणार नाही. पण एक गोष्ट गावाला ठाऊक नव्हती आणि मलाही नव्हती. या बेडकाला पाण्याचं वावडं होतं.

मी आयुष्यभर बसच्या डेपोत मेकॅनिक होतो. रिटायर होऊन आष्टी तालुक्यातल्या आमच्या गावी परत आलो, त्याला तीन वर्षं झाली. नगरकडच्या एका डोंगरावर पर्यटकांसाठी काढलेलं एक ठिकाण बंद पडलं होतं. तिथला जनरेटर बघायला मला कुणीतरी बोलावलं, आणि पत्र्याच्या शेडात, कोंबड्यांनी घाण करून ठेवलेली ही गाडी मला दिसली. शहरातली माणसं तिच्यावरून मातीत गिरक्या घ्यायची म्हणे. मी पोत्यानं सीट पुसली, बसून बघितलं, आणि मला आठवले ते आबांचे गुडघे.

आबा म्हणजे माझे वडील. ऐंशी ओलांडलेले, सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला. आमची ऐंशीएक मेंढरं ओढ्यापलीकडच्या माळावर असतात. तिथं वाघर लावलेली आहे, म्हणजे दोरीच्या जाळीचं कुंपण, आणि राखणीला एक गडी. मेंढरांच्या या तळाला आम्ही वाडा म्हणतो. गडी इमानी, पण मेंढरं त्याच्या ओळखीची नव्हती. आबा मेंढरं मोजत नाहीत, ओळखतात. कुठली सकाळी मागं राहिली, कुठलीच्या खुरात काटा आहे, हे त्यांना लांबून दिसतं. गुडघे गेले आणि आबांचं माळावर जाणं सुटलं. त्या वर्षात खुरांच्या रोगानं सहा कोकरं गेली. गड्याला कळलं तेव्हा उशीर झाला होता.

ओढ्यावरचा फरशी पूल वाहून गेलाय. मोटारसायकलवर आबांचा पाय वळत नाही, आणि माळाची चढण अशी दगडगोट्यांची की मोटारसायकलसुद्धा रडते. म्हणून धाकटा भाऊ, जो घरची शेती बघतो, एक दिवस जेवताना म्हणाला, "दादा, मेंढरं विकू. आबांचा जीव तिकडं आन शरीर हिकडं. हे मला बघवत न्हाई." तो काही वाईट बोलला नाही. रोज संध्याकाळी आबा ओसरीत बसून गड्याला फोनवर एकेका मेंढीची चौकशी करायचे, आणि गडी "बरी हाय, बरी हाय" म्हणायचा, ते तोच ऐकत होता. मी ती गाडी विकत आणली ती त्यावर उत्तर म्हणून. भावानं तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "दिवाळीच्या पाडव्यापातूर बघू. आबा हिच्यावर बसून वाड्यावर जाऊ लागले, तर माझं काही म्हणणं न्हाई."

आबांनीही गाडीभोवती चक्कर मारली. विचारलं, "चार चाकं हायती, मग दार कुठंय?"

श्रावणात ओढ्याला घोट्याएवढंच पाणी होतं. आबांना पुढं घेऊन मी रोज सकाळी जायचो. त्यांच्या अंगावर त्यांचं काळं घोंगडं असायचं, ऊन असलं तरी. ते घोंगडं आमच्या स्वतःच्या मेंढरांच्या लोकरीचं. सूत आईनं काढलेलं. आई जाऊन चार वर्षं झाली, आणि तिच्या हातचं हे शेवटचं. त्याला घरात कुणी हात लावत नाही. चिंचोके भिजवून, शिजवून, वाटून त्याची खळ करायची आणि घोंगड्याला कुंच्यानं द्यायची, म्हणजे ते ताठ होतं आणि पाणी अंगावरून वाहून जातं, हे काम आबा दरवर्षी स्वतः करतात. सुनांनासुद्धा करू देत नाहीत.

गणपती उठले आणि वरच्या अंगाला जोरात पाऊस झाला. ओढा गुडघ्याच्या वर आला. मी म्हटलं, एवढ्याशा पाण्याला काय भ्यायचं. मी बसगाड्या पुरातून काढलेला माणूस. मधोमध गेलो आणि इंजिन एकदम मोठ्यानं ओरडायला लागलं, पण चाकं जागची हलेनात. जेवढा ॲक्सिलेटर पिळावा तेवढा आवाज, आणि गाडी आपली म्हशीसारखी पाण्यात उभी. शेवटी मी खाली उतरलो, आबांना पाठुंगळी घेतलं आणि काठावर आणलं. आबा वजनानं किती हलके झालेत ते मला तेव्हा कळलं. माझ्या कानाशी ते म्हणाले, "तुला आसंच नेलतं मी. ह्याच ओढ्यातनं."

मागं वळलो तर भाऊ बांधावर उभा होता. त्यानं सगळं बघितलं होतं.

घोडं कुठं पेंड खातं ते गाडी उघडल्यावर दिसलं. या गाडीत गिअरऐवजी दोन पुल्या असतात, आणि त्यांच्यावरून एक रुंद रबरी पट्टा फिरतो. आमच्या गिरणीत असतो तसाच, फक्त आखूड आणि जाड. हा पट्टा एका बंद पेटीत असतो. पेटीत पाणी शिरलं की पट्टा पुलीवर सटकतो, इंजिन फिरतं आणि चाकाला काही पोचत नाही. मी झाकण काढलं तर आतून तांब्याभर तपकिरी पाणी पडलं आणि मागून चिखल. पेटीला दोन नळ्या होत्या, एक पुढून हवा आत घेणारी आणि एक मागून बाहेर सोडणारी. दोन्हींची तोंडं पाण्याच्या पातळीला. तळाला एक छोटं बूचही होतं.

आता इथं माझी मेकॅनिकगिरी आडवी आली. जन्मभर गिअरच्या गाड्या हाताळलेल्या, पट्ट्यावर चालणारी गाडी मला मनातून खेळणंच वाटायची. मी ठरवलं, पाणी येतंय ना, मग वाटच बंद करू. दोन्ही नळ्यांच्या तोंडात रबराचे गट्टू ठोकले. झाकणाच्या कडेनं गॅसकेटची पेस्ट भरली. तळाच्या बुचावरसुद्धा पेस्ट थापली, चुकून एक थेंब नको. दोन दिवस काम केलं. आबा खाटेवर बसून बघत होते.

"आन वारा कुठनं जायचा?" त्यांनी विचारलं.

"आबा, ही गाडी हाय. मेंढी न्हाई," मी म्हणालो.

आबा उठून आत गेले.

आणि गाडी पाण्यातून गेली. मांडीएवढ्या पाण्यातून गेली. नवरात्रभर मी आबांना रोज वाड्यावर नेलं आणि येताना मुद्दाम गावातून चक्कर मारली, लोकांना दिसावं म्हणून. पारावरच्या एकानं विचारलं, "बेडूक पवायला शिकला का बे?" मी म्हटलं, शिकवणारा पाहिजे. हे वाक्य मला पुढं पुष्कळ दिवस ऐकावं लागलं.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी आबा पुढं, मागं मेंढरांच्या पेंडीचं पोतं, असं घेऊन माळ चढत होतो. अर्ध्या चढणीवर जळक्या रबराचा वास आला. मला वाटलं कुणी शेतात टायर पेटवलाय. मग पेटीतून धूर आला, आणि पट्टा ताडकन तुटला. पट्टा घासतो म्हणून तापतो, तापतो म्हणून त्याला वारा लागतो, आणि त्या वाऱ्यासाठीच त्या दोन नळ्या होत्या. मी त्या स्वतःच्या हातानं बंद केल्या होत्या. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे मी डेपोत पोरांना शेकडो वेळा ऐकवलं असेल. आबांनी विचारलेलाच प्रश्न खरा होता. ते तसं म्हणाले असते तर बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, "पोतं हितंच ठेवू. गडी न्हील."

त्या दिवशी भाऊ आणि गडी दोघांनी मिळून आबांना हाताची खुर्ची करून ओढ्यातून आणलं.

नवा पट्टा पुण्याहून मागवावा लागला. तो आज निघेल, उद्या निघेल असं चाललं होतं. भावानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "दादा, मी व्यापाऱ्याला भाऊबीजेला बोलावलंय. पाडव्याला तुजी गाडी आबांना घेऊन ओढ्यातनं गेली, तर त्याला येऊ नको म्हणतो. न्हाई गेली तर मग तू आडवा येऊ नको." मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

आबांना त्यानं संध्याकाळी सांगितलं. आबा "बरं" म्हणाले आणि पुढची भाकरी घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबा घरात नव्हते. काठी नव्हती, घोंगडं नव्हतं. मी समजलो आणि ओढ्याकडं पळत गेलो. आबा अलीकडच्या काठावर एका दगडावर बसले होते. परतीच्या पावसाची झड चालू होती. पलीकडं माळाच्या उतारावर आमची मेंढरं दिसत होती. आबांनी जीभ टाळूला लावून आवाज काढला, आणि एवढ्या पावसात, एवढ्या लांबून, दोन-तीन म्हाताऱ्या मेंढ्यांनी माना वर केल्या. त्यातली एक ओढ्याच्या दिशेनं चालूसुद्धा लागली. गड्यानं तिला वळवलं.

मला फार लाज वाटली. गाडीची नाही. "मेंढी न्हाई" म्हणालो होतो, त्याची.

मी त्यांच्याशेजारी जाऊन बसलो. आबांनी घोंगड्याची खोळ केली होती, म्हणजे एक बाजू दुमडून डोक्यावरून टोपडं आणि बाकीचं पाठीवर सोडलेलं. त्यांनी खोळ सैल केली आणि अर्धी माझ्यावर ओढली. साठी ओलांडलेला मी, बापाच्या घोंगड्यात शिरलो. वर पाऊस वाजत होता आणि कडेनं पाणी ओघळून खाली जात होतं. आत ऊब होती आणि ओल्या लोकरीचा वास.

थोड्या वेळानं आबा म्हणाले, "पाणी लागतंय का आत?"

"न्हाई."

"वारा?"

गालाला खालून गार झुळूक येत होती. "लागतोय."

"मग तुझ्या त्या पेटीला दोनी कावून जमना?"

आबा खोळीच्या तोंडाकडं हात करून म्हणाले, "तोंड वर ठिवायचं, पण वाकवून. पाण्याला दार लावत बसायचं न्हाई, त्याला उतार द्यायचा. आन तरी आलंच आत, तर त्याला जायाला चर पायजे. वाड्यात पाणी शिरल्यावर आमी काय करतो? कूड घालतो का चर काढतो?"

"चर काढता."

"मग."

तळाचं ते बूच मला आठवलं, ज्याच्यावर मी पेस्ट थापली होती. ज्यानं गाडी बनवली त्यानं चर ठेवला होता. मी बुजवला होता.

पट्टा पाडव्याच्या चार दिवस आधी आला. तोवर मी बाकीचं करून ठेवलं होतं. पेटीतली जुनी पेस्ट सुरीनं खरवडून काढली, पुलीच्या पात्यांत वाळून बसलेला चिखल ब्रशनं धुतला, झाकणाच्या कडेला नवं रबर बसवलं. बूच मोकळं केलं. ट्रॅक्टरच्या रेडिएटरचे दोन लांब होज, म्हणजे जाड रबरी नळ्या, मिळवले, दोन्ही नळ्यांना जोडून पक्क्या पट्ट्यांनी आवळले आणि थेट हँडलपर्यंत वर आणले. तिथं त्यांची तोंडं वाकवून खाली केली. इंजिन चालू करून मागच्या होजच्या तोंडाशी हात धरला. गरम हवा हाताला लागली. हवा खेळत होती.

एकच अडचण राहिली. पुढची चाकं चिखल उडवतात आणि तो आत घेणाऱ्या तोंडावर बसतो. तिथं असं काही हवं होतं, ज्यातून हवा जाईल पण चिखल जाणार नाही. फडकं ओलं झालं की चिकटून बसत होतं. मी बायकोला म्हणालो, घोंगड्याचं एखादं फाटकं चिंधूक आहे का बघ. तिनं सांगितलं, शेवटचं चिंधूक बैलाच्या पाठीला गेलं. आबा खाटेवरून म्हणाले, "मी बगतो."

सकाळी त्यांनी माझ्या हातात काळ्या लोकरीची एक टोपी दिली. दोन विती तुकडा, कडा दाभणानं शिवलेल्या, खळ देऊन कडक केलेला. अगदी माणसाच्या डोक्यावरच्या खोळीसारखी, खालून उघडी. मी ती होजच्या तोंडावर चढवून बघितली. माप बरोबर होतं. मी "झकास" म्हणालो आणि दोरी बांधून टाकली. कुठून आणली ते विचारायचं मला सुचलं नाही. मेकॅनिकला एकदा माप बसलं की दुसरं काही दिसत नाही.

पाडव्याला आमच्यात वाड्यावर मेंढरं ओवाळतात आणि तिथंच चुलीवर दूध उतू जाऊ देतात. घरातल्या वडीलधाऱ्यानं ते करायचं असतं. सकाळी थंडी होती. ओढ्याला अजून गुडघाभर पाणी होतं. मी आबांना घेऊन काठाशी आलो तर भाऊ आधीच तिथं उभा. त्यानं पँट गुडघ्याच्या वर दुमडून घेतली होती. गाडी अडकली तर आबांना उचलायला तो आला होता. मला वाटलं होतं तमाशा बघायला आलाय. माझा भाऊ मला इतक्या वर्षांत नीट कळला नाही, हे कबूल करतो.

मी गाडी हलकेच पाण्यात घातली. इंजिनचा आवाज ऐकत होतो, तो कुठं चढतो का ते. मधोमध पाणी पायाशी आलं, पेटी बुडाली. आबांनी माझ्या हातावर हात ठेवला होता. आवाज एकसारखा राहिला. चाकांनी गाळात एकदा चाचपडलं, धरलं, आणि आम्ही पलीकडच्या उतारावर आलो. मागून भाऊ पाण्यातून चालत येत होता.

चढ चढून वाड्यावर पोचलो, गाडी बंद केली, आणि मी आधी खाली वाकून बूच काढलं. दोन-तीन चमचे पाणी टपकलं, बस. भाऊसुद्धा वाकून बघत होता. त्यानं त्या पाण्याला बोट लावलं. मग खिशातून फोन काढून तो जरा लांब गेला. वाऱ्यामुळं सगळं ऐकू आलं नाही, पण "उद्या येऊ नका" एवढं ऐकू आलं.

आबा तोवर वाघरीच्या आत होते. मेंढरं त्यांच्याभोवती गोळा झाली होती. त्यांनी एकीचा मागचा पाय उचलून खूर बघितला, दुसरीच्या कानामागं चाचपलं, आणि गड्याला दोन शिव्या दिल्या. गडी हसत होता. त्यालाही बरं वाटलं असावं. दूध चढलं, फेसाळलं आणि उतू गेलं, तेव्हा आबांनी हात जोडले. मग ते आमच्याजवळ आले. दव पडून जमीन ओली होती. आम्हा दोघांना बसायला त्यांनी अंगावरचं घोंगडं काढून अंथरलं.

त्याला एक कोपरा नव्हता.

दोन विती तुकडा, मेंढरं कातरायच्या कात्रीनं सरळ कापलेला. राहिलेली कड दाभणानं शिवून घेतलेली. मी गाडीकडं बघितलं. होजवर ती काळी खोळ चिखलानं भरली होती.

"आबा, हे कावून कापलं?" भावानं विचारलं. "आयचं घोंगडं हे."

आबा चुलीतलं लाकूड मागं ओढत होते. त्यांनी वर बघितलं नाही. "तुमच्या आयनं सूत काढलं ते मेंढरांमागं हिंडताना मला पाऊस लागू न्हाई म्हणून," ते म्हणाले. "मेंढरंच गेल्यावर ते ट्रंकेत घालून काय करू?"

आम्ही दोघंही त्या घोंगड्यावर बसलो नाही. ओल्या जमिनीवरच बसलो, आणि भावानं ते उचलून, झटकून परत आबांच्या खांद्यावर टाकलं.

पुढची कातरणी झाली, तेव्हा लोकर विणकराकडं भाऊच घेऊन गेला. नवं घोंगडं आलं ते आबांनी त्यालाच दिलं. स्वतः अजून ते कोपरा नसलेलंच पांघरतात, आणि गाडीवर बसताना कापलेली बाजू आत घेतात.